सायकलीनं कायले?

माझ्या पुण्यातल्या मित्राला सायकलवरून ताजिकिस्तानात जायचं होतं. ताजिकिस्तान संपला की किरगिझस्तान, आणि पायांत जीव उरलाच तर पुढे जे लागेल ते. लॉकडाऊनमध्ये लोक दाढ्या वाढवत होते, कणीक मळायला शिकत होते, तेव्हा याने चोवीस गिअरची सायकल घेतली आणि हॉलच्या भिंतीवर पामीरच्या पठाराचा नकाशा लावला. दर रविवारी तो सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल हाणायचा, तिथे पिठलं-भाकरी आणि दही खायचा आणि घरी येऊन नकाशातल्या एका खिंडीवर टिकली लावायचा. पिठल्यामागे एक खिंड, असा हिशोब होता.

ताजिकिस्तान बायकोने पाडला. तिने एवढंच विचारलं, की तिथे विमान जात नाही का? मग मनाली ते लेह ठरलं. साधारण पावणेपाचशे किलोमीटर, वाटेत बारालाचा आणि टंगलंग ला, म्हणजे सोळा-सतरा हजार फुटांच्या गोष्टी. ते ऑफिसने पाडलं. रजा मिळाली ती डिसेंबरात, नऊ दिवस. त्या दिवसांत लेहचा रस्ता बर्फाखाली असतो. तेव्हा त्याने मला चंद्रपुरात फोन केला. आवाज असा, की मी आधी घरच्यांची खुशाली विचारली.

मी म्हटलं, गडचिरोलीला चल.

पलीकडे शांतता. मग त्याने विचारलं, "डोंगर आहेत?"

"अरे, नावातच गड आहे," मी म्हटलं. "गडचिरोली. पुढे सुरजागड, टिपागड, वैरागड, शेवटी भामरागड."

पुणेकराला लागोपाठ पाच वेळा 'गड' ऐकवलं की काय होतं हे मी पाहून ठेवलेलं आहे. त्याला शेवटचं नाव ऐकूच आलं नसावं, कारण त्याने तिकीट काढलं होतं. वैरागडचा किल्ला भुईकोट आहे, जमिनीवर बसलेला, हे मी सांगितलं नाही. भामरागडात गड नाही हेही सांगितलं नाही. मैत्रीत काही गोष्टी माणसाने स्वतः शोधायच्या असतात.

तो चंद्रपूर स्टेशनवर उतरला तेव्हा त्याची सायकल एका भल्या मोठ्या पिशवीत होती आणि तो स्वतः एका घट्ट पिवळ्या पोशाखात. हमालाने दोघांकडे पाहून मला हळूच विचारलं, "सर्कस कोठी लागली जी?"

माझी सायकल म्हणजे वडिलांची बावीस इंची काळी. वडील वेकोलिच्या कोळसा खाणीत पाळीवर जायचे ती. मागे कॅरिअर, पुढे डायनामो, घंटी वाजते, ब्रेक कधीमधी. मित्राने ती बोटाने ठोकून पाहिली. कोणत्या मिश्रधातूची आहे असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लोखंडाची. मग म्हणाला, सिंगल स्पीड का? मी म्हटलं, नाही, दोन वेग आहेत. मी बसलो की एक आणि उतरून ढकलायला लागलो की दुसरा.

त्याच्या सामानात उंची मोजणारं घड्याळ होतं. त्याने ते लावून पाहिलं. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून कसंबसं १९० मीटर. "इथून चढायला भरपूर वाव आहे," तो आनंदाने म्हणाला. आपण वैनगंगा आणि पुढे प्राणहिता ज्या दिशेला वाहतात त्याच दिशेला चाललो आहोत, म्हणजे एकूण प्रवास उताराचाच आहे, हे त्याला कळायला चार दिवस लागले. पायांना शेवटपर्यंत कुणी कळवलं नाही.

सकाळी सहाला जटपुरा गेटमधून बाहेर पडलो. गोंड राजांनी परकोट बांधला तेव्हा वेशीतून हत्ती, घोडे आणि पालख्या जातील एवढा अंदाज घेतला होता. रिक्षा, स्कूटी आणि शाळेची व्हॅन एकाच वेळी तिथून जातील असं त्यांना वाटलं नसावं. गेटाबाहेर एका पानठेल्यावर थांबलो. ठेलेवाला मांडीवर पन्नी घेऊन खर्रा घोटत होता. आमच्या भागात राज्यकारभार थांबेल, खर्रा घोटणं थांबत नाही. त्याने मान न उचलता विचारलं, "कोठी चाल्ले जी?"

"भामरागड," मित्र छाती काढून म्हणाला.

हात थांबला. मान वर झाली. "गाडी बिघडली का?"

"नाही. गाडी आहे घरी. आम्ही सायकलनेच चाललोय."

"कायले?"

हा पहिला 'कायले'. पुणेकरांसाठी सांगतो, कायले म्हणजे कशाला. पण 'कशाला'त एक टोमणा असतो, 'कायले'त नसतो. कायले विचारणाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचं असतं, आणि तीच त्यातली अडचण आहे. मित्र म्हणाला, अनुभव म्हणून. ठेलेवाल्याने 'अनुभव' हा शब्द खर्ऱ्यासारखा गालात धरून ठेवला, थोडा चघळला आणि म्हणाला, "माहा बुडा चाळीस वर्षं सायकल चालवत होता. त्याले नाई आला."

मूल गावाचा रस्ता शहर सोडलं की लगेच जंगलात शिरतो. लोहारा, चिचपल्ली, केळझर. जागोजागी पाट्या: वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग, वाहने सावकाश चालवा. मोटारवाल्याला हे सांगणं रास्त आहे. पण सायकलवाल्याला वाघाच्या वाटेवर सावकाश चाला म्हणणं म्हणजे काय सल्ला झाला? ताडोबात लोक हजारो रुपये भरून जिप्सीत बसतात, चार-चार तास धूळ खातात, तरी वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडतात. इथे आम्ही फुकट, जिप्सीशिवाय, काचेशिवाय, आणि मनोमन एकच प्रार्थना, की आमच्यावर कृपा करू नकोस, दिसू नकोस.

दोघांच्या सहलीत एक मूलभूत दोष असतो, तो मला केळझरच्या अलीकडे कळला. मधली जागा नसते. तिघं असतील तर एक मध्ये राहून निवांत गाणी म्हणू शकतो. दोघांत एकच पुढे आणि एकच मागे. वाघ मागून येतो असं मित्राने कुठेसं वाचलं होतं, म्हणून त्याने हेल्मेटच्या मागच्या बाजूला स्केचपेनने दोन डोळे काढले होते. "तू पुढे हो," मी म्हणायचो, "तुझी सायकल वेगवान आहे." "नको, रस्ता तुझ्या ओळखीचा आहे, तूच हो," तो म्हणायचा. लखनवी नवाबांना लाजवेल असा हा शिष्टाचार सात किलोमीटर चालला. शेवटी आम्ही जोडीने शेजारी-शेजारी निघालो. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा दोघंही इतके दचकलो की मित्राचे चोवीसपैकी सगळे गिअर एकदम पडले.

मूलला नाश्ता. हॉटेलच्या फळ्यावर 'सांबारवडी' वाचून मित्राचा चेहरा उजळला. दाक्षिणात्य पदार्थ मिळेल, हलकं खाणं, सायकलिंगला उत्तम. समोर आली ती तळलेली जाड सुरळी, आत कोथिंबीर ठासून भरलेली, वर तर्री. "सांबार कुठंय?" त्याने विचारलं. पोऱ्या म्हणाला, "आतमंदी." मित्राने वडी फोडली, उलटी केली, चमच्याने खणली. पोऱ्या त्याच्याकडे, तो वडीकडे. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगायला मी मुद्दाम उशीर केला. त्याने तीन वड्या खाल्ल्या आणि पुढचे दहा किलोमीटर चढ नसताना धापा टाकल्या.

मूलजवळ सोमनाथ आहे, बाबा आमट्यांचा प्रकल्प. तिकडे फाटा फुटतो तिथे झाडाखाली बसलो असताना मित्राने मला त्याच्या दैवतांची नावं ऐकवली. १९२३ साली मुंबईहून निघालेले सहा पारशी तरुण. त्यांतल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली आणि १९२८ साली ते परत आले, एकाहत्तर हजार किलोमीटर. १९७७ साली प्रद्युम्न कुमार महानंदिया दिल्लीहून स्वीडनला बायकोकडे गेला, सायकलवर. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली जगाभोवती फिरली. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ त्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजारांवर किलोमीटर. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, भारत जोडो ठाऊक आहे का? तो म्हणाला, ते अलीकडचं? मी म्हटलं, १९८५ चं. कन्याकुमारी ते काश्मीर. शंभराहून अधिक पोरंपोरी सायकलींवर आणि बरोबर सत्तरी ओलांडलेले बाबा. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, म्हणून गाडीत आडवे पडून. पुढे १९८८ ला पुन्हा, या वेळी अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेत ओखापर्यंत. ही सगळी कल्पना वरोऱ्याच्या आनंदवनातली, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली.

मित्र गप्प झाला. पाठ दुखतेय असं तो नुकतंच म्हणाला होता, ते त्याने मागे घेतलं. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. त्या पोरांनाही गावोगाव 'कायले' विचारलं असणार. पण त्यांच्याकडे उत्तर होतं. देश जोडायला. दोन शब्दांत काम. महानंदियाकडेही होतं, आणि त्याचं उत्तर तर स्वीडनमध्ये वाट पाहत बसलेलं होतं. आमच्याकडे नऊ दिवसांची रजा होती.

पुढे सावलीकडे जाताना तलावच तलाव. धान निघालेलं, बांध्यांत पुंजणे उभे, तलावांत पाणकोंबड्या. "हा कोणता तलाव?" मित्र विचारायचा. "मामा तलाव," मी सांगायचो. पुढच्या गावात पुन्हा तेच. तिसऱ्या मामा तलावापाशी तो म्हणाला, "या भागात एकच मामा दानशूर होता की सगळ्यांचेच मामा?" मामा म्हणजे माजी मालगुजारी. इंग्रजी अमदानीत मालगुजारांच्या ताब्यात असलेले तलाव मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले, नावात फक्त 'माजी' लागलं. माजी आमदाराचा मान जातो. माजी मालगुजारी तलाव मात्र अजून हजारो एकर धान भिजवतो. हे सांगितल्यावर मित्राने दोन अक्षरांत एवढा इतिहास बसवणाऱ्या पाटबंधारे खात्याला सलाम केला.

व्याहाडपाशी वैनगंगेचा पूल. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. अलीकडे २०१५ ला दारू बंद झाली, २०२१ ला उघडली. पलीकडे १९९३ पासून बंद. ही भूगोलाची माहिती मित्राला अनावश्यक वाटली, तो पिणारा नाही. पण पूल ओलांडून पलीकडच्या टपरीवर आम्ही चहाला टेकलो तेव्हा एक गृहस्थ जवळ सरकले. त्यांनी मित्राच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी लटकलेल्या फुगीर पिशव्या पाहिल्या, घामाने निथळणारा मित्र पाहिला आणि खाली वाकून, अगदी आपुलकीने विचारलं, "माल आहे का जी?"

"कसला माल?"

"हाव, हाव," ते समजुतीने म्हणाले. "नोका सांगू."

पिशवीत ग्लुकोज, ट्यूब आणि पाठदुखीचं मलम होतं. मित्राने चेन उघडून एकेक वस्तू दाखवली. गृहस्थांनी प्रत्येक वस्तूकडे पाहून मान हलवली, म्हणजे खरा माल कुठे लपवला आहे याविषयीचा त्यांचा आदर वाढतच गेला. पुढच्या दोन गावांत आमच्या आधी बातमी पोचली होती. पहिल्यांदाच आम्हाला कुणी 'कायले' विचारलं नाही. दोन शहाणीसुरती माणसं भर थंडीत सायकलीनं गडचिरोलीत शिरतात याचं एकमेव पटण्यासारखं कारण लोकांना सापडलं होतं, आणि ते आमच्याहून जास्त व्यवहारी होतं.

गडचिरोलीत मुक्काम. नऊ वाजता झोपायचं हा मित्राचा नियम, स्नायूंना विश्रांती. पण दिवाळीनंतर झाडीपट्टीत झोपायचं असेल तर माणसाने दुसऱ्या जिल्ह्यात जावं. गावागावांत नाटकं. वडशाच्या कंपन्या हंगामभर गावोगाव फिरतात, पोस्टरांवर नटाच्या नावापेक्षा विनोदी नटाचं नाव मोठं, आणि दहाला सुरू झालेलं नाटक इतकं चालतं, की पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याला वाटतं आपली एंट्री आली. लॉजच्या मालकाने आम्हाला जवळच्या गावात नेलंच. "फक्त पहिला अंक," मित्र म्हणाला. सासूने सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा दीड वाजला होता. सून बाहेर असताना झोपायला जाणं त्याला बरं वाटेना. पाच वाजता सून घरात आली, मित्राने डोळे पुसले, आणि साडेसहाला आम्ही चामोर्शीच्या रस्त्याला लागलो. त्या दिवशी तो सायकलवर झोपला होता असं माझं मत आहे. तो म्हणतो, ध्यान.

आता किमतीविषयी. सायकलची किंमत हा आमच्या प्रवासातला खरा घाट होता. मूलला कुणीतरी विचारलं, "केवढ्याची?" मित्राने खरं सांगितलं, ऐंशी हजार. टपरीवर अशी शांतता पसरली, की किटलीतलं उकळतं पाणी ऐकू आलं. एक म्हातारबा जवळ आले, सायकलभोवती एक फेरी घातली आणि विचारलं, "इंजिन कोठी आहे?" इंजिन नाही म्हटल्यावर त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. त्या स्पर्शात जे होतं ते फसवल्या गेलेल्या जावयासाठी राखून ठेवलेलं असतं. चामोर्शीला त्याने पंचवीस हजार सांगितले. "येवढ्यात तं जुनी हिरो होंडा येते." आष्टीला आठ हजार. "तरी जास्त घेतले तुमच्यापासून." आलापल्लीला तो म्हणाला, मित्राची आहे, आणि माझ्याकडे बोट दाखवलं. ती सहानुभूती मग मला मिळाली. माझ्या काळ्या सायकलीकडे मात्र सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, हा मी मान समजतो.

मार्कंड्याचं मंदिर पाहिलं. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थ, आणि भिंतींवर हजार वर्षांपूर्वीची शिल्पं. लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मित्र पायऱ्यांवर बसून मांड्या चोळत होता. शिल्पातल्या एका यक्षाची मुद्रा अगदी त्याच्यासारखी होती, फक्त यक्षावर देऊळ होतं.

आष्टीच्या पुढे तो पंक्चर झाला, म्हणजे त्याची सायकल. त्याच्याकडे पंप होता, पण तो रेल्वेत राहिला होता. ढकलत एका दुकानापाशी आलो. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, घमेल्यात पाणी, भिंतीला जुन्या ट्यूबची माळ. त्याने पंक्चर शोधून दोन मिनिटांत काढलं. मग हवा भरायला पंपाची नळी लावली तर बसेना. मित्राच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह विलायती, चिमणीच्या चोचीसारखा अरुंद. मित्राने त्याला या व्हॉल्व्हचे फायदे समजावले: दाब जास्त धरतो, वजन कमी, फ्रान्समध्ये सगळे हेच वापरतात. पोरगा सगळं ऐकून म्हणाला, "मंग फ्रान्सात भरा."

पण तोच शेवटी कामाचा निघाला. व्हॉल्व्हची प्लॅस्टिकची टोपी उचलली, दाढीच्या ब्लेडने तिचं टोक कापलं, टोपी उलटी करून आट्यावर बसवली, नळी वरून दाबली, आणि हवा गेली. मित्र बघतच राहिला. पुण्यात यासाठी पितळेचा अडॅप्टर दीडशे रुपयांना मिळतो. पोराने पंक्चरचे तीस रुपये घेतले आणि टोपीचे काही नाही, "टोपी तुमचीच होती." मग, अर्थातच, "सायकलीनं कायले जाऊन राह्यले जी?" मित्राने या वेळी 'तब्येतीसाठी' असं सांगून पाहिलं. पोरगा काळजीने म्हणाला, "का झालं तब्येतीले?"

आलापल्लीच्या पुढे रान बदलतं. साग असा उभा की मान मोडून वर पाहावं. जवळच वनवैभव म्हणून जंगलाचा एक तुकडा पिढ्यानपिढ्या कुऱ्हाडीशिवाय राखलेला आहे. याच भागातलं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं. इथून भामरागड ६५ किलोमीटर, आणि इथून पुढे मित्राच्या मोबाइलला रेंज नव्हती. दमणं त्याला चालतं, न नोंदवलं गेलेलं दमणं चालत नाही. तो कितीदा म्हणाला, "हे किलोमीटर कुठे दिसणारच नाहीत." पेरमिलीला एकाने सांगितलं की शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली दोन काड्या येतात. मित्र अर्धा तास त्या झाडाखाली हात वर करून उभा होता. मोहाची फुलं मार्चअखेर पडतात, तेव्हा पहाटे सारं गाव झाडांखाली वाकलेलं असतं. डिसेंबरात त्या झाडाखाली एक माणूस वर बघत उभा आहे हे पाहून दोन बकऱ्याही थांबल्या.

त्याच रस्त्यावर एका चढावर (घड्याळाने नऊ मीटर दाखवले) मागून घंटी वाजली. दोन शाळकरी पोरी, एक चालवतेय, एक कॅरिअरवर, दोघींची दप्तरं हँडलला. शाळा लांब असलेल्या मुलींना सरकार सायकली देतं, त्यांतलीच एक. मित्राने चटकन गिअर टाकला. पोरी बाजूने निघून गेल्या. मागे बसलेलीने वळून त्याचं हेल्मेट, त्यामागचे स्केचपेनचे डोळे, पिवळा पोशाख सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "काका, हवा कमी आहे का?"

'काका' त्याला जास्त लागलं की 'हवा', हे मी अजून विचारलेलं नाही.

पुढे एका पोलीस मदत केंद्रापाशी थांबावं लागलं. जवान साताऱ्याकडचा. चार दिवसांत 'कायले' ऐकून कान पिकलेल्या मित्राला 'का रे भावा' ऐकून रडूच आलं. वहीत नाव, गाव, मोबाइल आणि शेवटचा रकाना: येण्याचे कारण. मित्राने पेन धरलं आणि थांबला. मागे बांबूवाले, डॉक्टर, शिक्षक, लग्नाचे पाहुणे, सगळ्यांनी कारणं लिहिली होती. एकाने 'म्हैस' एवढंच लिहिलं होतं. जवान म्हणाला, "पुण्यास्नं सायकलवर?" मित्राने प्रामाणिकपणे सांगितलं, चंद्रपूरपर्यंत रेल्वेने. जवानाचा चेहरा पडला. मग त्याने पेन हातात घेतलं आणि स्वतःच लिहिलं: कारण: सायकल.

हेमलकसाला संध्याकाळी पोचलो. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि पावसाळ्यात नद्या भरल्या की सहा-सहा महिने जगाशी संबंध नसे. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे राहिले, दवाखाना झाला, शाळा झाली. २००८ साली मॅगसेसे मिळालं. मित्र आवारात उभा राहून शाळेतली पोरं जेवणाच्या रांगेत ताटं वाजवताना पाहत होता. सायकलवरून साठेक किलोमीटर आलो हे कुणाला सांगावं असं तिथे त्याला वाटलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी भामरागड. तीन नद्या एकत्र येतात, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. काठावर उभं राहिलं की समोर छत्तीसगड. मित्राने मात्र पाण्याकडे पाठ केली आणि क्षितिज न्याहाळायला लागला. "गड कुठंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, नाही.

"म्हणजे पडला?"

"नाही. नव्हताच."

तो किती वेळ गप्प होता ते घड्याळाने मोजलं असेल. मग त्याने समोरच्या तटाकडे बोट दाखवून विचारलं, "पण नाव छत्तीसगड आहे ना?" आणि मी त्याला पर्लकोटेच्या पुलावरून मागे ओढलं, कारण त्याच्या डोळ्यांत छत्तीस दिसायला लागले होते.

परतीचं आणि सिरोंचाचं फारसं सांगण्यासारखं नाही, रस्ता असा होता की सांगता येण्यासारखं तोंड उरलं नाही. कमलापूरला वनखात्याच्या हत्तींचा कॅम्प आहे. पूर्वी लाकडं ओढायला हत्ती ठेवले, आता बघायला लोक येतात. तिथे कळलं की हिवाळ्यात हत्तींना काही दिवस सुट्टी असते आणि पायांना औषधी लेपाचा शेक देतात, त्याला चोपिंग म्हणतात. मित्राने माहूताला विचारलं, माणसांना करता का? माहूत म्हणाला, "तुमच्या मापाचा भांडाच नाई." जिमलगट्ट्याच्या पुढे भाषा हळूहळू तेलुगूत विरघळायला लागली. सिरोंच्याजवळ वडधमला कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलेली आहेत. मित्राने एका दगडी ओंडक्यावर हात ठेवला, मग स्वतःच्या मांडीवर, आणि म्हणाला, फरक नाही. याच भागातल्या खडकांतून १९६० च्या सुमारास एका अवाढव्य डायनासोरची हाडं निघाली. नाव बंगालीतून घेतलेलं, 'बारापासॉरस', म्हणजे मोठ्या पायांचा, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं निमित्त साधून पुढे 'टागोराय'. सांगाडा कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत उभा आहे. एवढी हाडं पाहून ती मोजायचं काम त्यांनाच द्यावं असं ठरलं असावं.

सिरोंच्याच्या चौकात एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला केळी विकली. दोन्ही सायकलींकडे पाहिलं, दोन्ही माणसांकडे पाहिलं, आणि तोंडातला विडा बाजूला सारून विचारलं, "एंदुकु?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तेलुगू आहे. म्हणजे..."

"कळलं," तो म्हणाला.

पाय संपले होते, रजा संपली होती. सिरोंच्यातून आलापल्लीची काळीपिवळी ठरवली. सायकली टपावर दोराने आवळल्या, त्यांच्यावर दोन पोती तांदूळ, पोत्यांवर एक कोंबडा. आम्ही आत, चौदा माणसांत पंधरावे आणि सोळावे. ड्रायव्हरने गाडी सुरू करण्याआधी मान बाहेर काढून टपाकडे पाहिलं, मग आरशात मित्राकडे.

"भाऊ, येवढी भारी सायकल असून," तो म्हणाला, "काळीपिवळीनं कायले?"